आधी ‘ये’ शिकवा

रत्नागिरीत घरच्या कुत्र्याला एक आज्ञा हमखास येते : छू! वानरं आंब्यावर उतरली, छू. शेजाऱ्याची गुरं परड्यात शिरली, छू. सोडायला सगळ्यांना येतं, परत बोलवायला कोणाला येत नाही. संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर बघा. कुत्रा पुढे, मालक मागे, नावाचा आरडाओरडा चाललेला. पट्टा असतो, पण मालकाच्या हातात.

कुत्रा येत नाही, कारण त्याला बोलावतात ते बांधायला, नाहीतर चपलेने बडवायला. सकाळी पडवीच्या खांबाला अडकवलेली साखळी रात्रीच सुटते. अशा कुत्र्याला हाक मारा. तो हाताच्या टप्प्याबाहेर थांबतो, शेपूट हलवतो आणि तुमच्या दुसऱ्या हातात काय आहे ते निरखतो. हा बिनडोकपणा नव्हे. आपण जे शिकवलं ते तो चोख शिकलाय. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर त्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. पडवीतल्या खांबांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

‘ये’ शिकवायला पडवीच पुरते. लांब दोरी घ्या, खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवा. उकिडवं बसून एकदाच हाक मारा. आला की त्याच क्षणी तुकडा द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. हे सोडणंच महत्त्वाचं, हाकेमागे साखळी नाही हे त्याला त्यातूनच कळतं. पडवीत जमलं की अंगण, मग गडग्यापलीकडची बाग, पुळण सगळ्यात शेवटी. उशिरा आला म्हणून मारू नका, त्याच्या लेखी तो मार येण्याबद्दलचा असतो. आणि घरात सगळ्यांची हाक एकच हवी. आजीचं ‘यू यू’, बाबांचं ‘कम’, पोरांची शिटी. त्याने कोणाचं ऐकायचं?

‘आपलं गावठी, त्याला काय शिकवायचं’ हे ऐकलं की संताप येतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढणारा पोलिसांचा झंजीर लॅब्रॅडॉर होता, हे खरं. पण त्याला पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात घडवावं लागलं. न घडवलेले लॅब्रॅडॉर इथे बंगल्यांच्या फाटकामागे दिवसभर भुंकतात.

पुळणीवर तर हा प्रश्न कुत्र्यापुरता राहत नाही. थंडीत वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. वास लागला की कुत्रा वाळू उकरतो. म्हणून कासवमित्र पहाटेच्या आत किनारा पालथा घालून अंडी कुंपणात हलवतात. हाकेला फिरणारा कुत्रा आणि न फिरणारा कुत्रा यांत तिथे एका अख्ख्या घरट्याचा फरक पडतो.

२८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, लसीकरणाची शिबिरं भरतात. जिल्हा परिषदेने त्या दिवशी पोलिसांच्या श्वान पथकातला एक जाणकार दवाखान्याच्या आवारात अर्धा तास उभा करावा. माणसं आणि कुत्री रांगेत ताटकळतातच. नंबर लागेपर्यंत ‘बस’ नक्की शिकवून होईल, ‘ये’ची सुरुवातही.