प्रकारे सर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांचं आडनाव प्रकारे नाही. साताऱ्यातल्या ज्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथपालकी केली, तिथल्या मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं. ते इतकं मुरलं की निरोप समारंभात आभार मानणाऱ्या तरुण प्राध्यापकाने भर सभेत "आदरणीय प्रकारे सर" म्हटलं आणि कुणाला हसूही आलं नाही. सरांना काहीही विचारा, "पाऊस येईल का हो?" विचारा नाहीतर "तब्येत काय म्हणते?" विचारा, उत्तराची सुरुवात ठरलेली: "त्याचे प्रकार तीन."

तीनच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दोन पाडले की भांडण लागतं. चार पाडले की ऐकणारा पहिला विसरतो."

दारावरची बेल वाजली की ते उठायच्या आत सांगतात कोण आलंय. एकदा दाबून गप्प उभे राहणारे पाहुणे. लागोपाठ दोनदा दाबणारे घरचे. बोट न उचलणारे म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे राहिलेत ते. "आणि मी?" मी विचारलं. सर जरा अवघडले. "तुम्ही बेल वाजवतच नाही. कडी वाजवता. तुमची नोंद वेगळी ठेवलीय."

ही नोंद म्हणजे खरोखरची नोंद. कॉलेजात संगणक आला तेव्हा जुनी तालिका-कार्डांची कपाटं भंगारात निघाली. सरांनी त्यातलं एक सागवानी, तीस खणांचं, वजनावर विकत घेतलं. लोकांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो तिथे सरांच्या घरी ते कपाट आहे. प्रत्येक खणाला पितळी मूठ, मुठीवर चिठ्ठी. 'शिंका'. 'लग्नातले आहेर'. 'रिक्षावाल्यांची नकाराची कारणं'. तिसाव्या खणावर फक्त 'इतर' आहे, आणि तो खण पूर्ण बंद होत नाही.

ग्रंथपालाला हा रोग धंद्यातूनच लागतो. पुस्तक एक, त्याच्यात विषय चार, आणि कपाटात जागा एकच. अमेरिकेच्या ड्युईने १८७६ साली सगळं ज्ञान दहा वर्गांत वाटलं, त्याच्यावर सरांचा जुना राग आहे. धर्माला दोनशे ते दोनशे नव्याण्णव आकडे दिले, त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माला, आणि बाकीचं सगळं जग दोनशे नव्वदमध्ये, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. "ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंत सगळे दशांशचिन्हाच्या पलीकडे राहतात," हे वाक्य सरांनी मला निदान वीसदा ऐकवलंय. रंगनाथनांचा उल्लेख मात्र ते "आमचे रंगनाथन" असा करतात, जणू सख्खे चुलते. मद्रासचे हे गणिताचे मास्तर ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले, तिथल्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला, आणि त्यांच्या डोक्यात आलं की विषयसुद्धा असे सुटे तुकडे जोडून बनवता येतील. १९३३ साली त्यांची द्विबिंदू पद्धत छापून आली. सरांनी नातीला मेकॅनो आणून दिला. तिने त्याची क्रेन केली. सर दोन दिवस खिन्न होते.

एवढं असूनही सरांच्या ग्रंथालयात 'स्वामी' ही कादंबरी सहा महिने धर्माच्या कपाटात होती. शिपायाने नाव वाचून लावली होती, त्यामुळे सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पण दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' निसर्गात लावायचं की ललित गद्यात, याचा निकाल निवृत्तीपर्यंत लागला नाही. ते पुस्तक सरांच्या टेबलावरच असायचं. मुलं तिथूनच न्यायची.

सरांचं म्हणणं असं की शास्त्र कुठलंही असो, सुरुवात खण पाडण्यापासूनच होते. ते खोटं नाही. आणि खण पाडणाऱ्या शास्त्रज्ञांचेही (इथे तीन नाहीत, हे सरांना बोचतं) दोनच प्रकार डार्विनने १८५७ सालच्या एका पत्रात सांगून ठेवलेत: थोडं सारखं दिसलं की एकत्र करणारे, आणि थोडं वेगळं दिसलं की तोडणारे. सर याला जुडी बांधणारे आणि पाला निवडणारे म्हणतात. डार्विन बोलायला मोकळा होता, कारण त्याने स्वतः आठ वर्षं खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यासारख्या बार्नॅकल नावाच्या जीवांचा पाला निवडला होता. सर स्वतः निवडणाऱ्यांतले. मेथीची जुडी त्यांच्या हाती द्यायची नाही, असा काकूंचा दंडक आहे. कोवळी पानं, जून पानं आणि विचार करण्याजोगी पानं असे तीन ढीग होतात आणि भाजी रात्रीच्या जेवणाला पडते.

मागच्या जूनची गोष्ट. यवतेश्वराच्या बाजूने आभाळ भरून आलं. काकू खालून ओरडल्या, "अहो, कपडे काढा!" सर गच्चीवरच होते. मीही होतो. दोरीवर दोन चादरी, सरांचे तीन लेंगे आणि काकूंची इरकली. सर आभाळाकडे बघत म्हणाले, "ल्यूक हॉवर्ड. लंडनचा औषधं बनवणारा माणूस. १८०२ साली त्याने ढगांना नावं दिली. मूळ प्रकार तीन." इथे त्यांचा चेहरा उजळला. "सिरस म्हणजे केसांची बट. क्युम्युलस म्हणजे ढीग. स्ट्रेटस म्हणजे थर. आता हा जो समोर आहे, याला ढीग म्हणावं तर कडा पसरल्यात, थर म्हणावं तर..." मी इरकली वाचवली. लेंगे गेले. सर निथळत जिना उतरले आणि खिशातलं ओलं कार्ड काढून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: 'ढीग-थर. मिश्र.' काकूंनी टॉवेल दिला, पण फेकून.

नातीला गोष्ट सांगतानाही हेच. चिमणीचं घर मेणाचं इथपर्यंत आले की सर थांबतात, कारण फिनलंडच्या आर्नेने १९१० साली लोककथांचे नंबर पाडले आणि पुढे अमेरिकेच्या थॉम्प्सनने ते वाढवले, हे त्यांना सांगायचं असतं. "सिंड्रेला म्हणजे पाचशे दहा-अ," ते म्हणाले. पोरगी म्हणाली, "मग पाचशे अकरा सांगा." दुर्दैवाने पाचशे अकरा खरोखरच आहे. एकडोळी, दोनडोळी आणि तीनडोळी अशा तीन बहिणींची गोष्ट. तीन! त्या रात्री पोरगी साडेअकराला झोपली.

सरांची मी टिंगल करतो, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. माणसाला ते आडनाव विचारत नाहीत. गावही विचारत नाहीत. आपल्याकडे नवा भाडेकरू आला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचा खण ठरतो आणि जन्मभर तो त्यातच पडून राहतो. सर म्हणतात, "ते आळशी लोकांचं काम. त्यात निरीक्षण कुठंय?" आणि एखादी गोष्ट त्यांच्या खणात बसली नाही तर ते ती दाबून बसवत नाहीत. 'इतर'मध्ये ठेवतात आणि रात्री उठून पुन्हा बघतात.

आमच्या इमारतीतल्या एकांच्या ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, आणि सरांनी तिथे मुंबईची हकीकत सांगितली. ए, बी, एबी, ओ, हे चार खण पक्के झाले होते. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की तपासणीत ते ओ वाटे, पण त्या माणसाचं रक्त ओ गटाच्या पेशींनाही परकं मानून त्यांच्या गुठळ्या करी. ते चारांतल्या एकाही खणात बसेना. त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात, आणि तशा माणसाला रक्त लागलं तर तशाच माणसाचं लागतं. "म्हणजे बघा," सर म्हणाले, "त्यांनी ते ओ म्हणून लिहून टाकलं असतं तर?" बाकावर कुणी बोललं नाही. सर पहिल्यांदाच प्रकार न पाडता गप्प बसले होते.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी स्वयंपाकघर हाती घेतलं. सगळ्या डब्यांवर टंकलिखित चिठ्ठ्या लावल्या, धान्य, डाळी, उपासाचं, गोडाचं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. महिन्याभरात चिठ्ठ्या होत्या तिथेच राहिल्या आणि आतले जिन्नस काकूंच्या हाताला सोयीचे पडतील तसे हलले. सरांनी त्याचं कार्ड केलंय, तिसाव्या खणात आहे, माझ्या कडीच्या मागे.

तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात, काकू घरात नसल्या आणि सर चहाला उठले, तर आधीच सांगून ठेवतो: साखर 'साबुदाणा' लिहिलेल्या डब्यात आहे.