गंमत म्हणून बेचाळीस किलोमीटर

कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढणारे आमचे शेजारी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी मध्यरात्रीच उठतात आणि चांगले पैसे मोजून सीएसएमटीहून धावत सुटतात. का? तर म्हणे, गंमत!

अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्यातला शेवटचा तुकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकची देणगी: शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू व्हावी आणि राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी, एवढ्यासाठी आखलेला. साहेब गेला, पण त्याच्या बसण्याच्या सोयीपायी आपण अजून धावतोय.

आणि ही गंमत एकट्याने करायची नसते, त्यासाठी क्लब लागतो. शिवाजी पार्कला पहाटे पाचला जमायचं, तासभर धावायचं आणि दीड तास इडली-वड्यासमोर बसून 'पेस'वर बोलायचं. सहा महिने गप्पांत दुसरा विषय नाही. आदल्या रात्री छातीवरचा नंबर सरळ बसावा म्हणून चार सेफ्टी पिना तीनदा काढून लावल्या जातात. शेजारच्या काकूंनी लग्नातल्या शालूलाही एवढा वेळ दिला नसेल.

मग येतो पेडर रोडचा चढ. तिथे गंमत संपते. एक अनोळखी आजी संत्र्याची फोड हातावर ठेवतात आणि म्हणतात, "अरे, चालत जा की!"

सोमवारी शेजारी कठडा धरून जिना उलटा उतरत होते. गळ्यात मेडल.

"मजा आली?" मी विचारलं.

"प्रचंड! पुढच्या वर्षी तूही चल. आणि हो, येताना अर्धा लिटर दूध आणशील?"