रुग्ण जावक झाला

सरकारी कचेरीत आलेला कागद आवक रजिस्टरला चढतो आणि पुढच्या टेबलावर गेला की जावक होतो. जावक झालेल्या कागदाची चिंता आधीच्या टेबलाने करायची नसते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात हा नियम माणसांनाही लागू आहे. दवाखान्यात त्याला ‘रेफर’ म्हणतात, पाड्यावर ‘पुढं पाठवलं’.

हे ‘पुढं’ भलतंच लांब आहे. खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि तिथून नाशिक, ठाणे किंवा राज्याची हद्द ओलांडून थेट सिल्वासा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी स्थापन झाला. त्याचा दहावा वाढदिवस उलटला, तरी जिल्हा रुग्णालयाचं बांधकाम सुरूच होतं. रुग्ण मात्र बांधकाम संपायची वाट बघत नाहीत.

जून 2025 मध्ये मोखाड्यातल्या जोगलवाडीच्या एका गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. घरच्यांच्या सांगण्यानुसार 108 ला फोन केले, पण गाडी वेळेवर आली नाही. खासगी गाडीने खोडाळा, तिथून मोखाडा, तिथून नाशिक. बाळ मृत जन्मलं. परतताना बापाने ते कापडात गुंडाळून वीस रुपयांच्या पिशवीत ठेवलं आणि एसटीने गावी आणलं. बातमी छापून आल्यावर खुलासे झाले. गाडी देऊ केली होती, असं आरोग्य यंत्रणेचं म्हणणं पडलं. मिळाली नाही, असं बापाचं. कागदोपत्री पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी रुग्ण रीतसर दाखल झाला आणि रीतसर पुढे गेला. आवक-जावक तंतोतंत जुळली.

योजना नाहीत, असं म्हणायची सोय नाही. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली, तेव्हा मंत्र्यांच्या गाड्यांना वाट सापडली. त्यानंतर नवसंजीवन योजना आली. 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि पुन्हा घरी असा तिन्ही वेळचा प्रवास मोफत केला. 2014 मध्ये 108 च्या गाड्या धावू लागल्या. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. खासगी जीपवाल्याला मात्र यातली एकही योजना लागू नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीत जुळी बाळं दगावली आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला चादरीच्या डोलीतून सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं, कारण पाड्याला रस्ताच नव्हता. रुग्णवाहिका आरोग्य खात्याची, रस्ता दुसऱ्या खात्याचा. बाई दोन्ही खात्यांच्या मध्ये.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. गरोदर बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात, पोट भट्टीवर. तिथली सिस्टर विचारते, “कार्ड कुठाय?” कार्ड घरी, पत्र्याच्या पेटीत. मग नवी नोंद, नवा फॉर्म. गावची सिस्टर घरापुढे उभी राहून लिहिते, ‘लाभार्थी स्थलांतरित’. दोन्ही रजिस्टरं बरोबर असतात.

आता प्रशासन सुधारायचंच, तर फार पैसा लागणार नाही. रेफरची चिठ्ठी फाडण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन करायचा आणि खाट आहे का, डॉक्टर आहेत का, रक्त आहे का, हे विचारायचं. चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि निघाल्याची वेळ लिहायची. रुग्ण पोचल्याचा निरोप येईपर्यंत पाठवणाऱ्याच्या रजिस्टरात जावकचा रकाना कोरा ठेवायचा. घरी सोडताना कागद गावच्या आशाताईपर्यंत पोचवायचा, म्हणजे पिशवी की गाडी हा वाद उरणार नाही.

सूचना चांगली असल्याने तिच्यावर बैठक लावावी लागेल, आणि तीही पालघरला. मोखाड्याचे डॉक्टर घाट उतरून तीन तासांनी पोचतील, तोवर चहा झालेला असेल. विषय क्रमांक 1: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.