वडिलांच्या स्मरणार्थ २२६ किलोमीटर : एक सुलभ विधी

संकल्प : वडील गेल्यावर त्यांच्यासाठी ‘काहीतरी केलं पाहिजे’ असं वाटतं. पूर्वी ते काहीतरी ठरलेलं असे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि मग दर भाद्रपदात पितृपंधरवडा. आता गुरुजींना पुढच्या घरी जायचं असतं, यजमानाला सोमवारी ऑफिस असतं आणि दुःख तासाभरात उरकत नाही. अशा यजमानाने लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करावी. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं एकाच दिवसात, साधारणपणे १७ तासांच्या आत. हा विधी कोणत्याही पुराणात नाही. पोहणारे जास्त दणकट की धावणारे, असा वाद हवाईत चालू असताना जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन शर्यती एकमेकींना जोडल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जण पोचले. मुळात वादातून निघालेली ही गोष्ट स्मरणाला चालते, कारण ती यजमानाकडून वेळ मागते. देणगी फोनवरून अर्ध्या मिनिटात जाते. इथे सहा ते नऊ महिने, आठवड्याला दहा-पंधरा तास द्यावे लागतात. गेलेल्या माणसाला दुसरं काही देता येत नाही. आपले तास तेवढे देता येतात. या लेखाचं सगळं शास्त्र एवढ्यावरच उभं आहे.

साहित्य : सायकलच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जावं. वडिलांकडून नाक आणि आडनाव येतं, तसा हृदयविकाराचा धोकाही येऊ शकतो. ते अकाली हृदयविकाराने गेले असतील, तर आधी तपासणी, मग संकल्प. त्यांच्या तसबिरीशेजारी वर्षभरात दुसरी तसबीर लागली, तर विधी सफल झाला असं घरातलं कुणी म्हणणार नाही. त्यानंतर सायकल, हेल्मेट, पोहण्याचा चष्मा आणि बूट घ्यावेत. शर्यतीच्या दिवशीचा नैवेद्य स्वतःलाच दाखवायचा असतो : तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं, पाणी आणि मीठ. तहानेपेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. जे त्या दिवशी खायचं, ते आधी कित्येक रविवार सायकलवर खाऊन पाहावं. पोटालाही सराव लागतो.

विधी : अंतर हळूहळू वाढवावं, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा, शेवटचे दोन-तीन आठवडे भार उतरवत न्यावा. तलावात दर काही मीटरवर भिंत असते, समुद्रात नसते. म्हणून उघड्या पाण्यातला सराव टाळू नये, आणि तो एकट्याने करू नये. वडिलांची आठवण नेमकी केव्हा येईल, याचं कोष्टक मात्र कोणताही प्रशिक्षक देत नाही. पोहताना फक्त श्वास आठवतो, चढावर फक्त मांड्या. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. पिंडदान करतानाही निम्मं लक्ष जानवं डावीकडे की उजवीकडे यातच असतं. विधी चालतो तो नेमाने. भावना तिच्या सवडीने येते.

शंकानिरसन : ‘वडिलांना हे आवडलं असतं का?’ बहुधा नाही. सायकलची किंमत ऐकून त्यांनी आधी चष्मा काढला असता. पण श्राद्धही गेलेल्याची संमती घेऊन होत नाही. ते मागे राहिलेल्याच्या गरजेचं असतं. ‘मग हा स्वतःचाच मिरवण्याचा सोहळा झाला.’ धोका खरा आहे. त्यावर उतारा असा, की बनियनवर वडिलांचा फोटो छापायचा तर छापावा, पण दर सरावाचा फोटो जगाला पाठवू नये. ‘अर्ध्या अंतराने पुण्य अर्धं होतं का?’ नाही. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली निम्म्या अंतराची स्पर्धा चालते, कारण हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा आहे.

उद्यापन : हाच हिशेब शेवटी यजमानावर उलटतो. वडिलांसाठी आठवड्याला बारा तास निघतात आणि मागे राहिलेल्या आईच्या वाट्याला रविवारी, सायकल पुसता पुसता, चार मिनिटांचा फोन येतो. ‘दमतो रे तू, ठेव आता,’ असं ती म्हणते आणि यजमान आज्ञाधारकपणे ठेवतो. वेळ हेच खरं अर्पण असेल, तर ते घ्यायला जी अजून हजर आहे तिचा हक्क पहिला. तेव्हा सरावाच्या तक्त्यात आईच्या डोळ्यांची तपासणी, तिचं बँकेचं काम आणि तिच्याबरोबरची संध्याकाळ शाईने लिहावी, सायकलचे तास पेन्सिलने. दोन्ही बसत नसतील, तर खोडायचं काय ते आपोआप कळतं. त्यामुळे शर्यत एक वर्ष पुढे गेली तर जाऊ द्यावी. वडिलांची तक्रार येणार नाही.