आधी जाळी उघडा

‘पाच वर्षं झाली ना? मग आता नवीनच घ्या.’ लॅपटॉप दुरुस्तीच्या काउंटरवर हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितलं जातं की ऐकणारा मान डोलावून बाहेर पडतो. मशीन उघडलेलं नसतं. तापमान पाहिलेलं नसतं. कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर, किती मिनिटांनी अडखळतो हेही कुणी विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं ते फक्त खरेदीचं साल. सालावरून वय कळतं, बिघाड कळत नाही.

दुसरं ठरलेलं उत्तर ‘फॉरमॅट मारून देतो’. दोन दिवस मशीन हलकं वाटतं, तिसऱ्या दिवशी गेम पुन्हा अडकतो, कारण अडचण विंडोजमध्ये नव्हतीच. मुलाचे प्रोजेक्ट आणि फोटो मात्र त्यात जातात.

ही दोन्ही उत्तरं मांजरी बुद्रुकला परवडणारी नाहीत. हे गाव २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं. नदीच्या अलीकडे मगरपट्टा, पलीकडे खराडी, मध्ये हा पट्टा: भाड्याने राहणारी, शिकणारी, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली माणसं. घरात लॅपटॉप बहुधा एकच. दिवसा त्यावर कॉलेजचं काम, रात्री त्याच्यावरच व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन गेम. अशा घराला नवा गेमिंग लॅपटॉप म्हणजे दीड-दोन वर्षांचे हप्ते. ते हप्ते भरायला लावण्याआधी चार स्क्रू काढून आत बघण्याचे कष्ट कुणीतरी घ्यायला हवेत. याच मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. खताची गोणी उचलण्याआधी माती तपासून घ्या, हे तिथे येणाऱ्या ऊस उत्पादकाला वेगळं सांगावं लागत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण गोणी आधी उचलतो.

तपासणी घरीच सुरू होते आणि तिला एक रुपया लागत नाही. गेम लावा आणि घड्याळ बघा. पहिली दहा-पंधरा मिनिटं खेळ गुळगुळीत चालला आणि मग फ्रेम पडायला लागल्या, तर मशीन तापतंय. पहिल्या सेकंदापासून सारखाच संथ असेल, तर ग्राफिक्स कमी पडतंय किंवा सेटिंग झेपत नाहीये. एरवी ठीक, पण नव्या भागात शिरताना, दार उघडताना, गाडी वेगात नेताना झटका बसत असेल, तर हार्ड डिस्ककडे आणि रॅमकडे बघा. आणि चित्र सलग आहे, पण समोरचा खेळाडू इथून तिथे उडी मारतोय, गोळी लागूनही लागत नाही, तर दोष लॅपटॉपचा नाहीच, तो नेटचा. व्हॅलोरंटचे सर्व्हर २०२०पासून मुंबईत आहेत. मांजरीहून मुंबई काही लांब नाही. वायफाय बंद करून राउटरची वायर थेट लॅपटॉपला लावा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, खाली आला, तर पन्नास हजार वाचले.

अजून एक चाचणी. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०वरून १२८० बाय ७२०वर आणा. आधी प्रत्येक फ्रेमला सुमारे २१ लाख ठिपके रंगवावे लागत होते, आता ९ लाख. फ्रेम झपकन वाढल्या, तर ग्राफिक्स चिप दमत होती. काहीच फरक पडला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे, आणि मग सावल्या, गवत, गर्दी कमी करूनच काम भागेल. जो दुकानदार हे करून दाखवतो त्याच्याकडे जा. जो ‘रॅम टाकू या’ म्हणून थेट ड्रॉवर उघडतो त्याच्याकडे जाऊ नका.

माझ्या मते मांजरीतला पहिला आरोपी धूळ. सोलापूर रस्त्यापासून आत कुठल्याही दिशेने जा. इमारती उठताहेत, रस्ते खणलेत, डंपर फिरताहेत. ही माती खिडकीतून येते, पंखा ती आत ओढतो आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला जी बारीक पात्यांची जाळी असते तिथे ती दाबून बसवतो. दोन-तीन वर्षांत तिचा नमद्यासारखा थर होतो. पंखा ओरडतो, हवा बाहेर पडत नाही. लॅपटॉपमधल्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कापते. मशीन बिघडलेलं नसतं, ते स्वतःचा जीव वाचवत असतं, आणि आपण त्याला म्हातारं ठरवतो. त्यातून शेजारच्या लोहगावला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच तापलेली असेल तर पंखा आत गरम हवाच घेणार. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांनी एकदा तो उलटा करून बघावा. हवा घेण्याच्या फटी तळाला असतात. गादी त्या बंद करते.

साफ करताना ब्लोअर सरळ पंख्यावर मारू नका. पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती चार-पाच वर्षांत वाळून कोरडी होते. ती पुसून नवी लावायची. पेस्टची नळी काहीशे रुपयांत मिळते, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणालाही विचारा. ज्यांना स्क्रू उघडायची भीती वाटते त्यांनी मजुरी देऊन करून घ्यावं, पण समोर बसून.

उघडण्याआधी आणखी एक सोपी गोष्ट. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर गेमला १०० फ्रेम काढू देऊ नका, ६०वर बांधा. स्क्रीन दाखवणारच नाही अशा फ्रेमसाठी चिप फुकट तापते. प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ सुमारे १७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम सलग होत राहिलं, तर डोळ्याला तेच गुळगुळीत वाटतं. ७० आणि ३०मध्ये उड्या मारणाऱ्या खेळापेक्षा ४५वर स्थिर खेळ कितीतरी बरा.

मग रॅम. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे लॅपटॉप आज अनेक घरांत सेकंड हँड येतात. त्यांत बहुधा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसतं, रॅमची आठ जीबीची एकच पट्टी असते. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. डीडीआर-४ची २४०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती नेऊ शकते, दोन पट्ट्या ३८.४. म्हणजे दुसऱ्या पट्टीने नुसती जागा वाढत नाही, रस्ताही दुप्पट रुंद होतो, आणि अशा मशीनवर गेमच्या फ्रेममध्ये तो फरक स्पष्ट दिसतो. ज्याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्याला एवढा फायदा होत नाही. त्याला ‘सोळा जीबी टाका, उडेल’ असं सांगणं चूक आहे. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, त्यामुळे गरज नसताना विकलेली पट्टी आता जास्तच खुपते.

हार्ड डिस्क फिरणारी असेल तर मात्र एसएसडी टाकाच, त्यात वाद नाही. फक्त हे नीट सांगा की त्याने गेम लवकर उघडेल, झटके कमी होतील. फ्रेम वाढवणं हे त्याचं काम नव्हे.

दोन गोष्टी तर लोक बघतच नाहीत. चार्जर आणि ग्राफिक्सची निवड. मूळ चार्जर तुटला म्हणून आणलेला स्वस्तातला चार्जर काही लॅपटॉप ओळखतच नाहीत. मग ते प्रोसेसरला वेग घेऊ देत नाहीत. लॅपटॉप चालू होतो, बॅटरीही कदाचित भरते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मूळ वॉटचा, त्याच कंपनीचा चार्जर उसना आणून लावून बघा. आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेम खरंच मोठ्या कार्डवर चालतोय की साध्या चिपवर, हे पाहा. विकत घेतलेलं कार्ड वर्षभर झोपून राहिल्याचे प्रकार होतात. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर मात्र गेम बंद, लॅपटॉप बंद; ती बॅटरी आधी काढून ई-कचऱ्यात द्या.

आता लॅपटॉपवर होणारा मोठा अन्याय. २७ सप्टेंबर २०२३ रोजी काउंटर-स्ट्राइकची २०१२ची आवृत्ती बाजूला सारून तिच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आली. काल छान चालणारा खेळ आज त्याच मशीनवर अडखळू लागला. रात्रीत लॅपटॉप म्हातारा झाला नव्हता, खेळ जड झाला होता. घरात मात्र वडिलांनी मुलाला विचारलं, ‘काय केलंस लॅपटॉपला?’ मुलाने काहीच केलं नव्हतं. जीटीए ५चं उलट: मार्च २०२५मध्ये नवी जड आवृत्ती आली तेव्हा जुनी ‘लेगसी’ म्हणून वेगळी ठेवली. जुन्या मशीनवाल्यांनी तीच उतरवावी. एका कंपनीला जमलं, ते बाकीच्यांना न जमण्यासारखं काही नाही. पैसे देऊन घेतलेला खेळ ज्या मशीनवर घेतला त्यावर चालायचा थांबू नये, एवढी मागणी खेळाडूंनी मोठ्याने करायला हवी.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. म्हणून काउंटरवर नवं वाक्य आलंय, ‘जुगाड करून ११ टाकून देतो.’ टाकता येतं. पण व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. ते नसेल तर गेम उघडतच नाही. ज्या खेळासाठी खटाटोप केला तोच दारावर अडवला जातो, आणि हे पैसे घेण्याआधी सांगितलं जात नाही. एनव्हिडियानेही ऑक्टोबर २०२५नंतर जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या बहुतेक कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केले, सुरक्षेचे तेवढे चालू ठेवले. २०१७चा जीटीएक्स १०५० असलेला लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही. जुने खेळ तो खेळवत राहील. नवे खेळ त्याच्याकडून मागू नका.

कारण मर्यादा आहेतच. बहुतेक लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मदरबोर्डला जोडलेली असते, ती बदलून मोठी लावता येत नाही. स्क्रीनवर रंगीत चौकोन उडत असतील, तर बहुधा तीच चिप चाललीय, आणि तिथे पैसे ओतण्यात अर्थ नाही. अशा वेळी ‘नवा घ्या’ हा सल्ला योग्य आहे. माझं भांडण सल्ल्याशी नाही, न तपासता दिलेल्या सल्ल्याशी आहे.

आणि पालकांशी थोडं. ‘गेमच खेळतोय ना, मग कशाला दुरुस्ती?’ हा प्रश्न सोडा. पैशांचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत सरकारनेही ऑगस्ट २०२५च्या कायद्यात स्पष्ट फरक केला: पहिल्यावर बंदी, दुसऱ्याला मान्यता. शिवाय तापलेला लॅपटॉप फक्त गेमला नाही, ऑनलाइन परीक्षेलाही तसाच अडकतो. जो मुलगा स्वतः जाळी उघडून, पेस्ट बदलून तापमान पंधरा अंशांनी खाली आणतो त्याने त्या संध्याकाळी उष्णतेचं वहन कुठल्याही शिकवणीपेक्षा चांगलं शिकून घेतलेलं असतं.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं, २०२४मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली, मे २०२५मध्ये तिचा अहवाल आला. दुकानातल्या खोक्यावर अजून आकडा नाही. तो छापला जाईपर्यंत बोर्डाला चिकटवलेली रॅम आणि चिकटवलेली बॅटरी ‘स्लिम’ म्हणून विकली जाणारच.

दिल्लीतला आकडा येईल तेव्हा येईल. मांजरीतली दुकानं एक गोष्ट या आठवड्यापासून करू शकतात. दुरुस्तीच्या पावतीवर तीन ओळी लिहा: उघडण्याआधी गेम चालू असताना किती तापमान होतं, जोडल्यावर किती आहे आणि नेमकं काय बदललं. तापमान दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, एचडब्ल्यूइन्फो त्यातलाच एक. पाच मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकाने हे आकडे मागावेत, आणि ते लिहून मिळेपर्यंत काउंटरवर पैसे ठेवू नयेत.