काचेला मागून इंजिन

आमच्या 2004 च्या वॅगनआरला पुढच्या दोन दारांना पॉवर विंडो आहे, पण सरकारी खात्यातली. बटणावर बोट दाबून धरलंत तोवर काम सरकणार, बोट उचललं की काच आहे तिथे बसून राहणार. मेहुण्याच्या नव्या गाडीतून फिरून आल्यावर हिने जाहीर केलं, "त्यांच्याकडे एकदा टिचकी मारली की काच आपली आपण वर जाते. शिकलेली काच आहे."

आता आमच्या काचेला शिकवणं आलं.

संकष्टीला बदलापूरहून महडच्या वरदविनायकाला जायचंच होतं आणि वाटेत कर्जतला एक वायरिंगवाला माहितीतला होता. त्याने दाराचं आतलं पॅड उपसलं, काडेपेटीएवढी काळी डबी काढली आणि स्विच-मोटरच्या वायरींत ती जोडत मला शास्त्र सांगितलं. "काका, काच वर टेकली की मोटर अडते. अडली की करंट जास्त खेचते. डबीला तेवढं समजतं, ती मोटर बंद करते. आणि मध्येच अडली, तर कुणाचा हात घावलाय असं धरून काच परत खाली आणते."

"हात अडकलाय की दुसरं काही, ते कसं कळतं तिला?"

"ते नाय कळत."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण तेवढ्यात हिने गरम बटाटेवडे आणले. कर्जतपुढे रेल्वेच्या घाटाची चढण 37 ला 1, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबवून त्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, बँकर, जोडायची रीत इथे फार जुनी. त्या थांब्यावरच कर्जतचा वडा मोठा झाला. वडा खाताना शास्त्राचे प्रश्न विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुकानासमोर काच चार वेळा सुरेख वर गेली. आम्ही चौकच्या रस्त्याला लागलो. वाऱ्यासाठी काच खाली होती. खालापूर तालुक्यात शिरलो आणि पाऊस आला. थेंब-बिंब नाही, एकदम बादली. मी ऐटीत टिचकी मारली. माझी काच गेली वर. मग हिच्या बाजूची दाबली. ती दोन तृतीयांश वर आली, थबकली आणि लग्नातल्या मानापमानात रुसलेल्या मामासारखी सरळ खाली निघून गेली.

पुन्हा टिचकी. पुन्हा तिथपर्यंत येऊन परत.

"तिला वाटतंय माझा हात अडकलाय," ही म्हणाली. दोन्ही हात मांडीवरच्या दुर्वा आणि नारळाच्या पिशवीवर, पिशवीत पाणी.

याच तालुक्यात, खोपोलीला, टाटांनी 1915 साली लोणावळ्याच्या पाण्यावर वीज काढून मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. शंभरावर वर्षांनी त्याच मुलखात बारा व्होल्टवर माझी एक काच वीतभर चढेना.

शेवटी कर्जतचीच युक्ती कामी आली. मी बटण दाबलं आणि हिने दोन्ही तळवे काचेला चिकटवून खालून वर रेटा दिला. मोटरचा भार हलका झाला, डबी फसली, काच कुरकुरत वर जाऊन बसली. आमच्या संसारात बँकरचं काम कोण करतं, हा वाद त्या दिवशी कायमचा मिटला.

महडला दर्शन झालं. देवापुढे आम्ही दोघंही गळत होतो.

येताना वायरिंगवाल्याने डबीकडे पाहिलंही नाही. काच ज्या खाचेतून वर-खाली होते, त्या चॅनेलच्या रबरावरून त्याने बोट फिरवलं. रबर वाळून खरखरीत झालेलं, खाचेत वाळू. दाराच्या पोटात हात घालून त्याने खालापूर टोलची एक पावती काढली, फास्टॅगच्या आधीची, अक्षरं पार उडालेली. मग रबर पुसलं, सिलिकॉनचा फवारा मारला आणि टिचकी दिली. काच वर गेली ती वरच राहिली.

"हे सकाळी का नाही केलं?" मी विचारलं.

"तुमी डबी बसव बोल्लात."

तेव्हा जुन्या गाडीची काच वन-टच करणार असाल, तर आधी चॅनेलचं रबर बदला, डबीचं मग बघा. आणि मे महिन्यात जा.