समोरच्या वाऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. वारा (समोरचा),
कायमचा पत्ता : अरबी समुद्र.
हल्ली मुक्काम : सातारा–मेढा रस्ता.

विषय : रविवारी सकाळी सायकलस्वारांच्या अंगावर विनाकारण धावून येण्याबाबत.

महोदय,

सविनय अर्ज सादर करतो की, आम्ही सातारा शहरातले काही मध्यमवयीन रहिवासी दर रविवारी सायकली काढून गावाबाहेर जातो. घरच्या कामांतून निसटता आलं, तर मधल्या वारी एकेकटेही जातो. आम्हाला कुठली शर्यत जिंकायची नाही. निघायचं, रमतगमत जायचं, एखाद्या टपरीवर भजी आणि चहा घ्यायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, एवढाच आमचा कार्यक्रम असतो. इतक्या निरुपद्रवी कार्यक्रमाला आपला विरोध का, हे आजवर कळलेलं नाही.

पावसाबद्दल आमची तक्रार नाही. तो पडतो तेव्हा सगळ्यांवर पडतो. मोटारीत बसलेल्यालाही वायपर लावावा लागतो. उन्हाचंही तसंच. तुम्ही मात्र रस्त्यावरच्या एवढ्या वाहनांतून नेमके आम्हालाच ओळखता. एसटी तुमच्या अंगावरून निघून जाते, उसाच्या ट्रॉल्या जातात, मोटारसायकलवर तिघं बसून जातात, त्यांना कुणाला तुम्ही अडवल्याचं ऐकिवात नाही. गरीब बघून गळ्यात पडायचं, हा प्रकार आपल्या हुद्द्याला शोभत नाही.

जून ते सप्टेंबर आपण पश्चिमेकडून येता, हे आम्हाला मान्य आहे. मेढ्याला निघालो की तुम्ही समोर, येताना पाठीशी. यात आधी कष्ट आणि मग फळ, असा काही न्याय तरी आहे. पण कोरेगाव, पुसेगावच्या रस्त्याला तुम्ही काय करता? जाताना पाठीवर हात ठेवून लांबवर नेता, आम्ही आपले खुशीत पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणतो, आणि परतीला वळलो की तुम्ही छातीवर. आधी सढळ हातानं द्यायचं आणि मग व्याजासकट वसूल करायचं, ही रीत सावकारांची असते.

व्याज हा शब्द रागाच्या भरात लिहिलेला नाही. हिशेबच मांडतो. समजा, तीस किलोमीटर जायचं आणि तीस यायचं. वारा नसता तर ताशी १५ किलोमीटरनं चार तास लागले असते. आता तुम्ही जाताना आमचा वेग ३ नं घटवलात आणि येताना ३ नंच वाढवलात. वरवर फिट्टंफाट झाली. प्रत्यक्षात १२ च्या वेगानं अडीच तास आणि १८ च्या वेगानं एक तास चाळीस मिनिटं, मिळून चार तास दहा मिनिटं! कमी वेगात जास्त वेळ घालवावा लागतो, त्यामुळे तुम्ही घेतलेलं आणि दिलेलं कधीच सारखं होत नाही. ही वरची दहा मिनिटं दर खेपेला कुणाच्या खात्यावर जमा होतात, याचा खुलासा व्हावा.

तुम्ही सौम्यच असता, असा बचाव आपल्या बाजूनं केला जातो. त्याचाही समाचार घेतो. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्युफर्ट साहेबांनी १८०५ च्या सुमारास आपली शून्य ते बारा अशी प्रतवारी लावली. ती जहाजाच्या शिडांवरून लावलेली होती. धूर, पानं आणि छत्र्या यांच्या खुणा जमिनीवरच्या लोकांसाठी पुढे जोडल्या गेल्या. या यादीत तीन नंबरचा, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरचा, पानं आणि बारीक डहाळ्या हलत्या ठेवणारा वारा ‘मंद’ सदरात मोडतो. हेच नेमके आमचे सायकलीचे आकडे. आम्ही १५ नं निघालो आणि तुम्ही समोरून १५ नं आलात, की अंगावर ३० चा वारा येतो आणि हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. ब्युफर्ट साहेबांनी बरीच वर्षं जहाजावर काढली. मेढ्याच्या रस्त्याला त्यांनी पॅडल मारलं असतं, तर तीन नंबरला ‘मंद’ म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती.

आपल्याला काम नाही म्हणून आपण असे हिंडता, असंही नाही. ठोसेघरच्या पलीकडे चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटणकडे वनकुसवड्याला आपल्यासाठी पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या केल्या आहेत. ऐन पावसाळा हा तुमच्या तिथल्या कामाचा हंगाम. असं असताना कामाची जागा सोडून आपण खाली दरीत सायकलवाल्यांच्या मागं, माफ करा, पुढं लागता, हे शिस्तभंगात बसतं.

आणि वर दाद कुणाकडे मागायची? तुमच्या चिरंजीवांकडे जावं, तर तेही आमच्याच भागातले. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी निम्म्याहून अधिक सातारा जिल्ह्यात आहेत, आणि त्यांशिवाय गावोगावच्या वेशीवर एकेक आहेच. आमची रीत अशी, की तुमचा फारच मार बसला की वाटेतल्या मारुतीच्या देवळात शिरायचं. सायकली ओट्याला टेकवायच्या, ओले मोजे पिळायचे आणि गाभाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. बापानं झोडपलं की मुलाच्या आडोशाला! मुलगा काही बोलत नाही, शेंदूर लावून गप्प असतो. घरचं प्रकरण असल्यामुळे त्याला मध्ये पडता येत नसावं, असा आमच्यातल्या मास्तरांचा तर्क आहे.

एकट्यानं निघालं की तुमचा स्वभाव जास्त कळतो. समोर असलात की दोन्ही कानांत नुसता घोंघाट. मागून गाडी येतेय का ते ऐकायला मान जराशी तिरकी करावी लागते; तेवढ्यानं एक कान मोकळा होतो. श्रावणात कण्हेरच्या जलाशयावर पलीकडून पावसाचा पांढरा पडदा सरकत येताना दिसतो. तो पोचण्याच्या मिनिटभर आधी तुमचा एक गार झोत अंगावर येतो. ही पूर्वसूचना आपण न चुकता देता, त्याबद्दल आभार. पण त्या मिनिटात सायकल थांबवून कॅरिअरचा रेनकोट सोडून घालावा, तर तुम्हीच त्याच्या बाहीत शिरता आणि दुसरा हात आत जाऊ देत नाही. मग थेंब येतात ते वरून येत नाहीत, समोरून येतात. चष्मा पुसायला तिसरा हात लागतो. आणि रेनकोटात नीट गुंडाळून होतो तोवर ऊन पडतं.

वळून परत निघालं की सगळं एकदम शांत. तुमचा आणि आमचा वेग जुळला की वारा आहे हेच कळत नाही. चेनची टिकटिक ऐकू येते, ओढ्याचं पाणी ऐकू येतं, बांधावरून कुणी बैलाला घातलेली शिवी स्वच्छ ऐकू येते. रेनकोटाच्या आत घाम निथळतो, म्हणून आम्ही चरफडतो की आज हवाच नाही. आहे हो, भरपूर आहे. पाठीमागून ढकलते आहे.

मित्रांबरोबर निघालं की प्रश्न वेगळे होतात. तुम्ही समोर असलात की आम्ही एकामागे एक रांग करतो, आणि रांगेच्या तोंडाला आमचे बँकवाले. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवण्यासाठी सायकल चालवायला सांगितलं, म्हणून ते आमच्यात आले. त्यांच्या रुंद पाठीमागे तुमचा जोर बराच कमी लागतो. तेव्हापासून त्यांनी वजन उतरवू नये, यावर बाकी सगळ्यांचं एकमत आहे, आणि वाटेतल्या टपरीवर भज्यांची दुसरी प्लेट त्यांच्याचपुढे सरकवली जाते. सल्ला देणारे डॉक्टरही आमच्यातच आहेत. प्लेट सरकवण्यात त्यांचाच हात पुढे असतो.

रांगेत बोलणंही तुम्ही एकतर्फी करून ठेवलं आहे. पुढच्याचं सगळं मागच्याला ऐकू येतं, मागच्याचं पुढच्याला काही पोचत नाही. हा ऑफिसचा अनुभव रविवारीही घ्यावा लागतो. ‘खड्डाऽऽ’ हे शेवटपर्यंत जातं, ही सोय. पण शेवटच्या मास्तरांची चेन पडली की ते जिवाच्या आकांतानं ‘थांबा, थांबा’ ओरडतात आणि रांग आपली गप्पा ऐकत पुढे. टपरीवर माणसं मोजल्यावर मास्तर नाहीत हे कळतं. ते काळ्या बोटांनी आणि लाल चेहऱ्यानं मागून येतात आणि पहिला चहा उभ्यानंच घेतात.

आमच्यातले एक सदस्य सरासरीवाले आहेत. हँडलवर त्यांनी छोटं यंत्र बसवलंय, त्यात ताशी वेगाची सरासरी दिसते. आपण समोर असलात की ते म्हणतात, ‘आज वाऱ्यानं वाट लावली.’ पाठीशी असलात की म्हणतात, ‘आज पाय मस्त चालले.’ एकदा तरी त्यांनी ‘आज वाऱ्यानं आणलं’ असं म्हणावं, म्हणून आम्ही वाट बघतो आहोत. एकट्या त्यांनाच कशाला बोल लावा? वडिलांचं घर, मामाची ओळख आणि रस्त्याचा उतार, या तिन्हींना मिळून आपल्याकडे मेहनत म्हणायची पद्धत आहे. पाठीमागून लागलेला हात कुणाच्याच आत्मचरित्रात येत नाही.

आमची तक्रार क्षुल्लक आहे, हे आम्हाला एका गृहस्थांनी सुनावलेलं आहे, तेही आपल्या माहितीसाठी नोंदवतो. पुसेगावहून परतताना तुमच्याशी झुंजून दमलो आणि एका हॉटेलच्या बाकड्यावर टेकलो. बँकवाले तुम्हाला शिव्या देत होते. शेजारी फेटेवाले आजोबा बशीतून चहा पीत होते. ते म्हणाले, ‘तुमास्नी घरी जायाला उशीर हुतोय, एवढंच. आमचा पाऊस त्यो वरच्या वरनं पंढरपूरला घिऊन चाललाय, त्येचं काय?’ बाहेर बघितलं तर खरंच, काळे ढग डोक्यावरून पूर्वेला निघालेले आणि खाली धूळ. तुमचं गणित आम्हाला शाळेत शिकवलं होतं. समुद्रावरून ओझं घेऊन निघता, सह्याद्री चढताना तुम्हाला घाम फुटतो, त्याला आम्ही पाऊस म्हणतो. आणि घाट उतरून खटाव-माणला पोचता ते कोरडे होऊन. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाटाखाली हाकेच्या अंतरावरच्या वाईत १,००० च्या आत. वहीत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असं लिहून खाली रेघ मारली की आमचं काम झालं होतं. त्या रेघेच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाशेजारी बसून, दहा मिनिटं गेली म्हणून तुम्हाला शिव्या घालणं जरा अवघड गेलं. बँकवाल्यांनी आजोबांना आणखी एक चहा सांगितला. सबब, आजोबांचा अर्ज आमच्या आधी निकालात काढावा. त्यानंतर आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. जाताना आपण पाठीशी असावं. आम्ही वळलो की आपणही वळावं.

२. ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ असा अंदाज असल्यास, आम्ही ज्या रस्त्यावर आहोत तो तुरळकात येतो की नाही, हे शनिवारी रात्रीपर्यंत कळवावं.

३. आजवर जमा झालेली दहा-दहा मिनिटं मार्गशीर्षात परत करावीत. तेव्हा सकाळी आपण झोपलेलेच असता. ऊन चढून जमीन तापेपर्यंत उठत नाही, हे आम्ही पाहिलेलं आहे.

४. टपरीवाल्या मावशींच्या स्टोव्हला हात लावू नये. आमच्याशी काय वैर असेल ते रस्त्यावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणं भाग आहे. आमच्या सरासरीवाल्या मित्रांनी वेगळा अर्ज केल्याचं समजतं, की तुम्ही रविवारपुरतं यावंच नये. त्या अर्जाला आमची लेखी हरकत आहे. तुम्ही नसलात की काय होतं, ते आम्ही हिवाळ्यात बघतो. रस्ता मोकळा, हवा स्तब्ध. ते पहिल्या वळणालाच दिसेनासे होतात. टपरीवर थांबत नाहीत, कारण थांबलं की सरासरी उतरते. आम्ही पहिल्या चहाला बसलेलो असताना त्यांचे आकडे मोबाइलवर येतात : अंतर, वेळ, वेग. वाटेत काय दिसलं, यासाठी त्या यंत्रात रकाना नाही. तुम्ही असलात की हेच गृहस्थ निमूटपणे बँकवाल्यांच्या पाठीमागे रांगेत येतात, मास्तरांसाठी थांबतात, भजी खातात आणि त्यांच्या धाकटीला गणित जमत नाही वगैरे माणसासारखं बोलतात.

तरी येत्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मेढ्याच्या रस्त्यावर आपण किमान पाच नंबरचे, म्हणजे लहान झाडं डोलतील इतपत, हजर असावं, ही तातडीची विनंती. बाकीच्या चार मागण्यांची फाइल सरकारी शिरस्त्याप्रमाणे पडून राहिली तरी आम्ही स्मरणपत्र पाठवणार नाही.

कळावे,

आपला,
बँकवाल्यांच्या बरोब्बर मागचा

ता. क. : बँकवाल्यांचं दीड किलो वजन उतरल्याचं आताच कळलं. पाचऐवजी चार नंबर चालेल.